पुन्हा कधीच नाही (अटी लागू)

जेम्स बाँडला खलनायक शार्कच्या तळ्यात सोडतात, लेझरने उभा चिरायला घेतात, पण पठ्ठ्याच्या सुटाची इस्त्री मोडत नाही. त्याचे निर्माते मात्र नटाच्या एका ‘नाही’ने हवालदिल होतात.

हा शोध शॉन कॉनरींचा. 1962 ते 1967 या काळात पाच बाँडपट करून ते कंटाळले आणि निघून गेले. त्यांच्या जागी जॉर्ज लेझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल आला. 1969 मध्ये त्याने एक चित्रपट केला. हिप्पींच्या जमान्यात सुटाबुटातला हेर कोण बघणार, या सल्ल्यावर विश्वास ठेवून तोही गेला, आणि गेला तो खरोखरच गेला. साऱ्या मालिकेत शब्दाला जागलेला हा एकच बाँड, आणि लोक आजवर मूर्ख म्हणतात ते नेमके त्यालाच.

मग रुसलेल्या जावयाची समजूत काढायला सासरची मंडळी निघाली. तोवर जॉन गॅव्हिन हा अमेरिकी नट करार करून, बाशिंग बांधून बसला होता. त्याला पैसे देऊन मांडवातून उठवले आणि कॉनरींपुढे साडेबारा लाख डॉलर ठेवले. वर मानपान म्हणून त्यांच्या पसंतीच्या दोन चित्रपटांना भांडवल पुरवायचे युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीने कबूल केले. राग निवळला, 1971 मध्ये ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ आला. ही रक्कम कॉनरींनी स्कॉटलंडमधल्या एका शैक्षणिक न्यासाला देऊन टाकली, त्यामुळे आम्हा टवाळांची पंचाईत झाली. पैशासाठी परतला म्हणावे, तर पैसा घरी नेला नाही! (गॅव्हिन पुढे रेगन यांच्या काळात मेक्सिकोत अमेरिकेचे राजदूत झाले. ब्रिटनची खोटी नोकरी हुकली, अमेरिकेची खरी मिळाली.)

आता मात्र पुन्हा कधीच नाही, असे कॉनरींनी ठरवले. 1983 मध्ये ते आले, तेही दुसऱ्याच निर्मात्याकडे. ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हे नाव पत्नी मिशेलिन यांनी सुचवले. नवऱ्याच्या निर्धाराची किंमत बायकोइतकी कोणाला ठाऊक असणार? कथा जुन्या ‘थंडरबॉल’चीच, कारण केविन मॅक्लोरी या निर्मात्याकडे हक्क तेवढ्याच कथेचे होते. नट जुना, गोष्ट जुनी, कोरे काय ते शीर्षक. त्याच वर्षी ‘ऑक्टोपसी’त दुसरा बाँड, रॉजर मूर, उदयपुरात विजय अमृतराज यांच्या रिक्षातून पळत होता. तो तर कॉनरींहून तीन वर्षांनी मोठा. पेन्शनचे कागद भरायच्या वयाचे दोन हेर एकाच साली जग वाचवत होते, आणि जग वाचलेही.

डॅनिएल क्रेगने ही कला पूर्णत्वाला नेली. आणखी एक बाँड करण्यापेक्षा काच फोडून मनगट कापून घेईन, असे तो 2015 मध्ये म्हणाला. केलाच तर निव्वळ पैशासाठी करीन, असेही म्हणाला. पहिला अर्धा भाग वर्तमानपत्रांनी छापला, दुसरा निर्मात्यांनी वाचला. ऑगस्ट 2017 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत त्याने अजून काही ठरले नसल्याचे सांगितले आणि त्याच रात्री स्टीफन कोल्बेअरच्या कार्यक्रमात होकार देऊन टाकला. ब्रिटनच्या सर्वोत्तम हेराला गुपित एक दिवसही पोटात ठेवता आले नाही.

निर्मात्यांनीही मग कायमचा बंदोबस्त केला. 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये बाँडवर थेट क्षेपणास्त्रे सोडली. बाँड मेला. आणि श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर पाटी आली, की जेम्स बाँड परत येईल.

2025 मध्ये या मालिकेची सूत्रे अ‍ॅमेझॉनकडे गेली. परत आलेल्या मालाची व्यवस्था लावण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. तेव्हा वाचकहो, नवा बाँड ‘हा माझा शेवटचा’ म्हणाला, तर डोळे पुसू नका. बोली सुरू झाली, एवढेच समजा.