चकवा

भोक पाडणं हे कारखान्यातलं सगळ्यात हलकं काम समजतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी झाडू देतात आणि दुसऱ्या दिवशी ड्रिलवर उभं करतात. पण तेच काम घरच्या बाल्कनीत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लहानशा मिलिंग मशीनवर करायची वेळ आली की भोकाला एकदम प्रतिष्ठा येते. ते गोल आहे का, मापात आहे का, आणि मुख्य म्हणजे जिथे हवं होतं तिथेच पडलंय का, असे प्रश्न पडू लागतात. उत्तर मनासारखं आलं नाही की खापर फोडायला कोणीतरी लागतं, आणि समोर ड्रिल धरणारा चक असतो.

चकचं नशीबच तसं. स्पिंडल आत दडलेला, बेअरिंगं त्याहून आत. मशीनच्या तोंडाशी तीन जबडे वासून उभा असतो तो हा एकटा. शिवाय बेअरिंग बदलायचं तर मशीन उघडावं लागतं. चक बदलायला नुसतं बाजारात जावं लागतं, आणि बाजारात जायला हौशी माणूस कायम चपला घालूनच बसलेला असतो. त्यामुळे घरात मिलिंग मशीन आलं की आज ना उद्या ‘अचूक चक कोणता?’ हे प्रकरण सुरू होतंच.

घरात मशीन ठेवायचा हा नाद मूळचा विलायती. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं, ते घरी फावल्या वेळात वाफेची इंजिनं आणि विजेची यंत्रं करू पाहणाऱ्यांसाठी. त्या लोकांकडे घरामागे शेड असायची. आपल्याकडे ग्रिल लावून बंद केलेली बाल्कनी असते आणि खालच्या मजल्यावर दुपारी झोपणारे सभासद असतात. तरीही आमच्या चिंचवड-भोसरी पट्ट्यात ही लागण बऱ्यापैकी आहे. आयुष्यभर कंपनीच्या मशीनवर हात चालवलेल्यांना निवृत्तीनंतर घरी एखादं मशीन असावंसं वाटतं. ज्यांनी आयुष्यभर फाइली हलवल्या त्यांना तर ते फारच वाटतं. मी फाइलीवाला.

चकचं खरंखोटं करायची रीत सोपी आहे. चकमध्ये घासून गुळगुळीत केलेली डॉवेल पिन धरायची, मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज बसवायचा, त्याचं टोक पिनेला अलगद टेकवायचं आणि स्पिंडल हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. सुई जेवढी मागेपुढे होईल तेवढा रनआउट. साध्या डायलवर एक घर म्हणजे शतांश मिलिमीटर. बाजारातला साधा चावीचा चक दहा घरं सहज खातो. नामांकित कंपनीचा बिनचावीचा चक पाचाच्या आसपास राहतो, आणि चांगलं कोलेट, म्हणजे ठरावीक मापाला आवळणारी चिरलेली नळी, एक-दोनातच थांबतं. ही मापं नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत आणि डायल विकत घेईपर्यंत कोणाचं काही अडतही नाही. पण तंबोऱ्याची तार किंचित उतरलेली आहे हे एकदा कानाला कळलं की पुढची अख्खी मैफल जशी तिकडेच लक्ष जातं, तसं या सुईचं होतं. एकदा ती हललेली दिसली की मग भोक बाजूलाच राहतं, माणूस सुईच्या मागे लागतो.

आणि सुई फसवते, कारण ती दाखवते ती बेरीज. स्पिंडलच्या आतला निमुळता टेपर थोडा बाहेर चालत असेल, त्यात बसणारा आर्बर थोडा, आर्बरच्या दुसऱ्या टोकावर बसलेला चक थोडा, आणि चकचे जबडे प्रत्येक मापाला वेगळ्या तऱ्हेने. सहा मिलिमीटरला गुणी बाळासारखा वागणारा चक दहा मिलिमीटरला तसाच वागेल असं नाही. म्हणून आधी डायल स्पिंडलच्या पोटात लावायचा, मग आर्बरला, मग चकला, असं पायरीपायरीने खाली यायचं असतं. चौकशी समिती नेमल्यासारखा हा प्रकार हौशी माणसं टाळतात, कारण दोष स्पिंडलमध्ये निघाला तर बाजारात जायचं निमित्त हुकतं.

यातली एक गंमत मात्र मला फार आवडते. समजा स्पिंडल दोन शतांश बाहेर आहे आणि चक तीन शतांश. दोघांची कलती बाजू एकीकडे आली तर सुई पाच घरं हलते. पण आर्बर सैल करून अर्धा फेरा फिरवून बसवला तर दोघे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि सुई एका घरावर येते. आर्बरचा निमुळता मोर्स टेपर स्पिंडलमध्ये आपल्याला हवा तसा फिरवून बसवता येतो. तेव्हा चांगली जागा सापडली की स्पिंडलवर आणि आर्बरवर मार्करने एकेक रेघ मारून ठेवायची. चक तोच, स्पिंडल तोच, खर्च शून्य. अनेकांचा ‘अचूक चक’ खरं म्हणजे असा दोन खोड्यांचा समझोता असतो. विकत घेणाऱ्याने तो आपल्या मशीनला लावला की समझोता मोडतो आणि विकणाऱ्याच्या नावाने शंख सुरू होतो.

या वस्तूचा इतिहासही बोटं सोलण्यापासून सुरू होतो. जुने चक पान्याने आवळावे लागत. तसा चक आवळताना आर्थर जेकब्ज या अमेरिकन गृहस्थांच्या हाताची सालटी निघाली आणि त्या चिडीतून त्यांनी दातेरी चावीचा चक काढला, अशी गोष्ट सांगतात. पेटंट १९०२ सालचं. चावीसाठी चकच्या अंगाला तीन भोकं असतात, आणि बहुतेक जण एकाच भोकात चावी घालून आवळतात. टूलरूममध्ये वाढलेला माणूस तिन्ही भोकांत थोडं थोडं आवळतो. तेवढ्यानेही सुई घरभर तरी शांत होते. हे मला आमच्या इमारतीतल्या काकांनी दाखवलं. त्यांची हयात एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली आहे, आणि माझ्या मशीनकडे ते लहान मुलाच्या भातुकलीकडे बघावं तसं, प्रेमाने पण हसू दाबून बघतात.

मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो तेव्हा यादीत चकच होता. त्या गल्लीत हत्यारांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि हातगाड्यांना वाट देत देत खरेदी करावी लागते. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “ॲक्युरेट मंगता है के चलनेवाला?”

“दोनों में फरक क्या है?”

“ॲक्युरेट का डब्बा अच्छा आता है.”

इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळालेलं नाही. त्याने दोन्ही काढून समोर ठेवले. मग खरा प्रश्न आला तो पाठीचा. चकच्या पाठीत एक निमुळतं भोक असतं आणि आर्बरचं टोक त्यात घट्ट बसतं. त्याची मापं दोन घराण्यांची. एक जेकब्जचं, दुसरं जर्मन, ज्याचं बी-१६ आपल्याकडे सर्रास मिळतं. बी-१६ चं तोंड १५.७३ मिलिमीटर, जेकब्ज ३३ नंबरचं १५.८५. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले तर जुळे वाटावेत. पण उतार वेगळा. एकाचा आर्बर दुसऱ्याच्या पोटात जातो, बसल्यासारखाही वाटतो, आणि काम ऐन रंगात आलं की चक ड्रिलसकट खाली उतरतो. म्हणून माझं मत विचाराल तर चक आणि आर्बर एकाच दांड्यात घडवलेला घ्यावा. एक सांधा कमी म्हणजे बेरजेतला एक आकडा कमी.

चावीचा की बिनचावीचा, यावर मात्र मी कोणाशी वाद घालत नाही. बिनचावीचा हाताने पटकन आवळता येतो आणि ड्रिलवर जोर आला की स्वतःच आणखी आवळत जातो. मोठ्या ड्रिलला तो इतका आवळतो की सोडवायला पाना घेऊन झटापट करावी लागते, आणि उलट फिरवला तर सैल पडायची भीती, म्हणून आटे पाडायला तो नको. आणि कुठल्याच चकमध्ये एंडमिल, म्हणजे बाजूने कापणारं हत्यार, धरू नये. चक सरळ खाली दाबण्यासाठी केलेला असतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. हे ठाऊक असूनही प्रत्येक हौशी माणूस ते एकदा करून बघतोच, त्यामुळे उपदेश आवरतो.

लहान मशीनची अडचण रनआउटपेक्षा उंचीची जास्त. तेरा मिलिमीटरचा बिनचावीचा चक आर्बरसकट स्पिंडलखाली चांगलीच जागा घेतो. त्यात सहा मिलिमीटरचं नेहमीच्या लांबीचं ड्रिल ९३ मिलिमीटर, खाली व्हाइस, त्यात काम. बघता बघता मशीनचं डोकं खांबाच्या शेंड्याला टेकतं. काही मशीनचा खांब गोल असतो. त्यावर डोकं वर घेतलं की ते किंचित फिरतं आणि सेंटर ड्रिलने इतक्या निगुतीने टिपलेली जागा हरवते. ती पुन्हा शोधण्यात गेलेली चूक चकच्या पाच-दहा शतांशांना कुठल्या कुठे मागे टाकते. यावर स्वस्त उपाय आहे. आखूड ड्रिल घ्यायचं, तेच सहा मिलिमीटरचं, पण ६६ लांबीचं. उंचीही वाचते आणि ड्रिल वाकतही नाही. पण आखूड ड्रिलला छान डबा नसतो, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

मग अचूक चक लागतो तरी कशाला? बारीक ड्रिलला लागतो. दहा शतांशांचा रनआउट सहा मिलिमीटरच्या ड्रिलच्या खिजगणतीत नाही. सेंटर ड्रिलने केलेल्या खळग्यात ते मुकाट्याने बसतं. पण ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलला तोच रनआउट त्याच्या जाडीच्या आठव्या भागाइतका होतो, आणि ते हूं की चूं न करता तुटतं. त्यातून त्याला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे हवेत. घरगुती मशीन त्याच्या चौथाईवर दमतं. अशा बारीक कामाला मी कोलेट वापरतो. मोठ्याला चालणारा चक चालतो, आणि नेमक्या मापाचं भोक हवं असेल तर शेवटी रीमरच घालावा लागतो, मग चक कोणाचा का असेना.

तरीही मी एक जर्मन चक घेतला. रेघा जुळवून बसवला, सुई दोन घरांवर आणली आणि काकांना बोलावलं. त्यांनी डायलकडे एकदाच पाहिलं, मान डोलावली आणि चकमधलं ड्रिल काढून उजेडात धरलं. “याच्या दोन धारा बघ. एक लांब, एक आखूड. मधली पट्टी कापत नाही, नुसती दाबते. हे पठ्ठ्या जाईल तिकडे जाईल, आणि भोकही मोठं पाडेल. चक काय करणार?”

ते माझ्या छोट्या ग्राइंडरपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ड्रिलची शेपटी मनगटाने खाली नेत नेत एक धार लावली, मग अर्धा फेरा फिरवून दुसरी. ना गेज, ना डायल. परत चकमध्ये घालून हँडल ओढलं तशा ॲल्युमिनियमच्या चिपा दोन्ही खाचांतून सारख्याच लांब, सारख्याच वेटोळ्या वर येऊ लागल्या. भोकात पिन घातली तर कुठे खुळखुळ नाही.

“चक बराय,” काका हात पुसत म्हणाले. “केवढ्याला पडला?”

मी निम्मी किंमत सांगितली.

“महाग घेतलास.”