नवशिक्यांसाठी डॉकर : सहा पायऱ्यांत भरलेली डिस्क

पूर्वतयारी : एक लॅपटॉप, ऐसपैस रिकामी डिस्क आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य ऑफिसात निदान एकदा तरी ठणकावून सांगितलेलं असणं. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये सँटा क्लाराच्या पायकॉन परिषदेत एका छोट्याशा भाषणात डॉकर दाखवलं. तेव्हापासून या वाक्यात सुधारणा झाली असून आता ‘माझ्या कंटेनरमध्ये तर चालतंय’ असं म्हणतात. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टर्मिनलपुढे रोमन लिपीतच टाइप कराव्यात.)

पायरी १ : बिल्ड. डॉकरफाइल लिहावी, म्हणजे कुठून तरी उचलावी. मग ‘डॉकर बिल्ड -टी दुकान .’ अशी आज्ञा द्यावी. शेवटचं टिंब पूर्णविराम समजून गाळावं, म्हणजे डॉकर लगेच रुसतं. ते टिंब म्हणजे ‘सामान याच फोल्डरमधून घे’ असा पत्ता असतो. सगळा कोड कॉपी करणारी ओळ लायब्ररी बसवणाऱ्या ओळीच्या वर ठेवावी. डॉकर प्रत्येक पायरीचा थर जपून ठेवतं, पण एक थर बदलला की पुढचे सगळे नव्याने रचतं. म्हणजे कोडातला एक स्वल्पविराम हलवला की साऱ्या लायब्ररी पुन्हा उतरू लागतील आणि तुम्हाला चहाला जायला हक्काचं कारण मिळेल. जाणती मंडळी आधी लायब्ररींची यादी कॉपी करून त्या बसवतात आणि कोड शेवटी आणतात. त्यांचा चहा बुडतो.

पायरी २ : रन. ‘डॉकर रन -डी -पी ८०८०:८० दुकान’. डावीकडचं पोर्ट तुमच्या मशीनचं, उजवीकडचं कंटेनरच्या आतलं. हे उलटं लिहावं आणि मग क्रमाने ब्राउझर, वायफाय आणि शेजारचा सहकारी यांना दोष द्यावा. ‘-डी’मुळे कंटेनर पडद्याआड जातो आणि समोर चौसष्ट अक्षरी आयडी तेवढा उरतो. पान उघडलं नाही तर पुन्हा रन करावं. मग पुन्हा. ‘रन’ जुन्या कंटेनरला उठवत नाही, दरवेळी नवा जन्माला घालतं. जुन्याला उठवायला ‘स्टार्ट’ आहे, हे कोणालाही सांगू नये.

पायरी ३ : पीएस. ‘डॉकर पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतं, त्यामुळे घर स्वच्छ वाटतं. ‘-ए’ जोडलं की थांबलेले सगळे रांगेने उभे राहतात. तुम्ही नाव दिलं नसेल तर डॉकर एक विशेषण आणि एखाद्या नामवंताचं आडनाव जोडून बारसं उरकतं. त्या यादीत भाभा आहेत, रामानुजन आहेत, विश्वेश्वरय्याही आहेत. ‘बोरिंग वॉझ्नियाक’ ही जोडी मात्र मुद्दाम वगळली आहे, कारण स्टीव्ह वॉझ्नियाक कंटाळवाणे नाहीत अशी टीपच मूळ कोडात आहे. एखाद्या नावापुढे ‘एक्झिटेड १३७’ दिसलं तर १२८ वजा करावेत. उरले नऊ, म्हणजे सक्तीने मारण्याचा सिग्नल. बहुधा मेमरी संपली असेल.

पायरी ४ : एक्झेक. ‘डॉकर लॉग्ज’ वाचण्यात वेळ न घालवता ‘डॉकर एक्झेक -आयटी’ने थेट आत शिरावं, चुकलेली फाइल हातानेच दुरुस्त करावी आणि टीमला ‘झालं’ असं कळवून घरी जावं.

पायरी ५ : स्टॉप आणि आरएम. ‘स्टॉप’ आधी सभ्यपणे निरोप देतं, दहा सेकंद वाट पाहतं आणि मग गळा दाबतं. ‘आरएम’ने कंटेनर जातो आणि पायरी चारमधली दुरुस्तीही जाते. पायरी एकमध्ये बनलेली इमेज हा पेणच्या कारखान्यातला साचा, कंटेनर ही त्यातली मूर्ती. मूर्तीवर हाताने काढलेली नक्षी साच्यात उतरत नाही. व्हॉल्यूम न जोडता आत डेटाबेस ठेवला असेल तर त्यालाही इथेच निरोप द्यावा.

पायरी ६ : प्रून. डिस्क भरली की ‘डॉकर सिस्टीम प्रून’. थांबलेले कंटेनर, बिनवापराची नेटवर्क, बेवारस इमेज आणि बिल्डचा साठा एका फटक्यात साफ होतो. डॉकर आधी ‘नक्की का?’ विचारतं. तो इशारा वाचायची पद्धत नाही.

परीक्षा : चालू कंटेनर पुसायला सांगितल्यावर बोट एंटरवर अडखळलं नाही, तर तुम्ही उत्तीर्ण. अडखळलं, तर कुठली तरी दुरुस्ती डॉकरफाइलमध्ये लिहायची राहिली आहे.