भिकूचा फर्स्ट क्लास

आमच्या घराण्यात फर्स्ट क्लासने प्रवास करणारा पहिला जीव म्हणजे भिकू. आजोबा कोकणातून मुंबईला आले ते बोटीने, डेकवर, ट्रंकेवर बसून. वडिलांची हयात एसटीच्या शेवटच्या बाकावर हाडं मोजण्यात गेली. मी स्वतः स्लीपरच्या अप्पर बर्थवर चपला उशाशी घेऊन झोपणारा माणूस. आणि भिकू? सोसायटीच्या कचराकुंडीमागे जन्मलेला, जगावा म्हणून आत्याने जुन्या रिवाजाप्रमाणे असं नाव ठेवलेला, वर्णाने तांबूस आणि कानांनी एक उभा, एक आडवा. तो जातो एसी फर्स्टने, आणि त्याच्यासोबत म्हणून आम्ही.

यात भिकूचा दोष नाही, रेल्वेचा नियमच तसा आहे. कुत्रा स्लीपरमध्ये चालत नाही, थ्री टिअरमध्ये चालत नाही, टू टिअरमध्ये नाही आणि चेअर कारमध्येही नाही. त्याच्यासाठी जागा दोनच. एक म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. दुसरी, फर्स्ट एसीचा अख्खा कूपे नाहीतर केबिन, म्हणजे दोन माणसांची किंवा चार माणसांची बंद खोली पूर्णपणे आपल्या नावावर. चोरून नेताना सापडलात तर सामानाच्या दराच्या सहापट वसुली. मी बायकोला पेटीचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाली, "छान आहे. ह्यात तू बस."

तर कूपे. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढायची, मग सोबत कुत्रा आहे, कृपया कूपे मिळावा, असा अर्ज करायचा आणि चार्ट लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. चार माणसांच्या केबिनमध्ये दोन बर्थ मिळाले की संपलं. उरलेल्या दोन बर्थवर कुत्र्याला घाबरणारं जोडपंच येणार, हे विधिलिखित. शिवाय भिकूच्या लशींचं कार्ड, आणि तो प्रवासाला लायक असल्याचा डॉक्टरांचा दाखला. दाखला ताजा लागतो, प्रवासाआधीच्या एक-दोन दिवसांतला. मी इतकी वर्षं गाडीत चढतो आहे, मी प्रवासाला लायक आहे का असं आजवर कुणी विचारलं नाही.

कुत्र्याचं बुकिंग होतं पार्सल ऑफिसात. गोणपाटात गुंडाळलेल्या मोटारसायकली आणि दोरीने आवळलेले खोके यांच्यामधून वाट काढत आम्ही खिडकीशी पोचलो. आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून भिकूकडे पाहिलं.

"चावतो?"

"नाही हो."

"मग पाळलाय कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वजनाचा प्रश्न आला. मी उत्साहाने डॉक्टरांच्या काट्यावरचा आकडा सांगितला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रेल्वेच्या हिशेबात फर्स्ट एसीने जाणाऱ्या कुत्र्याचं वजन ६० किलो धरतात आणि पेटीतून जाणाऱ्याचं ३० किलो, मग तो पॉमेरेनियन असो की ग्रेट डेन. डबा बदलला की वजन दुप्पट. मला हे अगदी पटलं. माझा एक मेव्हणा कंपनीच्या पैशाने विमानाने जाऊन आल्यापासून त्याचंही असंच झालं आहे.

कुत्रा बरोबर आहे म्हणून वाहन अडल्याचं पहिलं उदाहरण महाभारतातलं. इंद्र रथ घेऊन आला, पण कुत्र्याला प्रवेश नाही म्हणाला. युधिष्ठिर अडून बसला, तर तो कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म निघाला आणि सगळं सुरळीत झालं. आम्हीही भिकूला नीट निरखून पाहिलं आहे. तो कुत्राच आहे.

फलाटावर मात्र वेगळाच मान. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी मुंबई भिकूभोवती कोंडाळं करून उभी. एक आई मुलाला पुढे ढकलत म्हणत होती, "हात लाव बाळा, काही करत नाही." मुलाच्या हातात अर्धा वडापाव होता. मीही तेच वाक्य, मुलाकडे बोट दाखवून, भिकूला सांगत होतो.

गाडी लागते म्हणून त्याला संध्याकाळपासून उपाशी ठेवलं होतं. आता कूपेची ती बंद खोली, त्यात उपाशी कुत्रा आणि आमच्या पिशवीत थालीपीठ. डबा उघडायची सोय नाही. शेवटी आम्ही पाळीपाळीने बाहेर पडलो आणि पॅसेजमध्ये, संडासाच्या दाराशी, उभ्याने जेवलो. फर्स्ट एसीचं तिकीट काढून.

टीसी आले. त्यांनी आधी भिकूची पावती पाहिली, मग दाखला, आणि सगळ्यात शेवटी, जरा उपकार केल्यासारखी, आमची तिकिटं. "साहेब, काही त्रास तर नाही ना?" असं त्यांनी विचारलं ते नक्की कुणाला, यावर घरी अजून एकमत नाही. खाली अंथरलेली जुनी गोधडी भिकूने हुंगली आणि खालच्या बर्थवरची पांढरी शुभ्र चादर पसंत केली. बायको वर गेली. मी भिकूच्या पायाशी, जमेल तसा.

कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. आपण झोपेत ते मोजत नाही. भिकूने मोजले. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि गाडीने शिट्टी दिली की आपणही साथ द्यायची असा त्याचा समज असल्याने तो आम्हाला याहूनही लांब वाटला. पलीकडच्या केबिनमधून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. भिकूला ती दाद वाटली.

रत्नागिरीला खाली उतरवला. गाडी थोडा वेळ थांबते, पण भिकूला घाईत काही होत नाही. तो खांब हुंगतो, बाजूला जाऊन विचार करतो, दुसरा खांब मागवतो. तेवढ्यात फलाटावरची स्थानिक मंडळी परिचयाला आली. सिग्नल पडला आणि मी भिकूला उचलून धावलो. तेव्हा कळलं की रेल्वेचा ६० किलोचा अंदाज फारसा चुकलेला नाही. दारात पाय ठेवला आणि त्याला झाली. माझ्या अंगावर.

कुडाळला मामा न्यायला आला होता. त्याने आधी माझा सदरा पाहिला, मग भिकूला, मग आम्ही उतरलो तो डबा.

घरी चहा झाल्यावर मामीने विचारलं, "ह्येचा तिकीट कितक्याक पडला?" मी दोघांचं आणि त्याचं मिळून आकडा सांगितला. मामी आत गेली. मामा बराच वेळ गप्प होता. भिकूच्या मानेखाली खाजवत त्याने नियम पुन्हा एकदा नीट विचारून घेतला. पेटी की कूपे, कुत्र्यासोबत माणूस लागतोच का, पैसे कोण भरतो. मग म्हणाला,

"पुढच्या म्हयन्यात माका मुंबयक येवचा आसा. ह्येका हंयच ठेवन जा. मी घेवन येतंय."