हंगामी मुंबईकर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता, डब्यात चिवड्याचा नुसता चुरा उरला होता, आणि अकोल्याहून साडूंचा फोन आला. “जानेवारीत मुंबईले येऊन राहिलो. चांगला दोन महिने मुक्काम आहे.”

आमची डोंबिवलीची जागा म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये फ्रिज. मी “या की” म्हणालो खरा, पण ‘या’ आणि ‘की’ यांच्या मध्ये कुठेतरी सिग्नल लागला असावा. कारण साडू लगेच म्हणाले, “तुमच्याकडे नाही हो! पाहुणा म्हणून तर येऊनच नाही राहिलो. खोली घेणार, भाडं भरणार, पास काढणार. सगळी दुनिया मुंबई पाहून राहिली. मी राहून पाहून राहिलो.”

बायको वऱ्हाडातली असूनही हे शेवटचं वाक्य उलगडायला मला रात्र लागली.

साडूंना बायको भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो, आणि मेहुणीला ताई. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे हंगामी. कायमचा हेडमास्तर येईपर्यंत त्यांनी खुर्ची सांभाळायची होती. तो काही आला नाही, आणि चार वर्षांनी भाऊजी हंगामीच रिटायर झाले. या चार वर्षांत त्यांनी शाळेला काय दिलं, तर वेळापत्रक. गणिताचे मास्तर रजेवर गेले तर भूगोलाचे कुठल्या वर्गावर जातील आणि भूगोलाच्या तासाला पी.टी.चे मास्तर काय शिकवतील, हे सगळं त्यांच्या कागदावर जूनमध्येच लिहिलेलं असायचं. असा माणूस रिकामा झाला आणि त्याच्यासमोर मुंबई आली.

अशी माणसं अलीकडे वाढली आहेत. पूर्वी लोक मुंबई बघायला यायचे. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटीवरची भेळ, चौथ्या दिवशी पायांना तेल आणि पाचव्या दिवशी परतीची गाडी. आता मुलं मार्गी लागलेली, पेन्शन वेळेवर येते, गुडघे अजून शब्दाला जागतात, असा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला शहर बघायचं नसतं, शहरातला व्हायचं असतं. “बाहेरगावचे वाटतं?” असं कोणी नुसतं विचारलं तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि हा प्रश्न येऊ नये म्हणून तो जी तयारी करतो, तेवढी तयारी आम्ही इथे जन्माला येताना मुळीच केली नव्हती.

भाऊजींनी दोनशे पानी आखीव रजिस्टर केलं. त्यात ‘पाणी’, ‘गाड्या’, ‘खाणे’, ‘बोलणे’ असे विभाग. ‘बोलणे’ या सदराखाली मी स्वतः वाचलेल्या नोंदी अशा : ‘भेटू एकदा — म्हणजे भेटायचे नाही.’ ‘खूप लांब पडतं — म्हणजे येणार नाही.’ ‘जवळच आहे — म्हणजे चाळीस मिनिटे.’ एका पानावर लाल शाईत, ‘इमारतींकडे मान वर करून पाहू नये.’ त्याखाली, ‘बॅग पाठीवर नव्हे, पोटावर.’ ही बॅग पोटावर बांधून त्यांनी अकोल्याच्या भाजीबाजारात महिनाभर सराव केला. ओळखीच्या दोघांनी ताईंकडे त्यांच्या तब्येतीची चौकशी केली म्हणे.

मग सुरू झाल्या माझ्या तोंडी परीक्षा. रात्री साडेनऊला फोन यायचा. “साडूभाऊ, इंडिकेटरवर ‘एन’ आलं तर गाडी कुठली?”

मी तीस वर्षं फोर्टात नोकरी करतो. रोज दोनदा त्या इंडिकेटरखाली उभा राहतो. ठामपणे म्हणालो, “नेरळ.”

“कसारा,” भाऊजी म्हणाले. “आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. ‘एन’ पाहून कसाऱ्याच्या गाडीत बसले असते तुम्ही.” वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडे पाहावं तसे ते फोनमधून माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना सांगू शकलो नाही की मला डोंबिवलीपलीकडे कधी जायचंच नसतं, त्यामुळे गाडी पुढे कसाऱ्याला जाऊ दे की काशीला. पण असल्या उत्तराला त्यांच्याकडे गुण नव्हते.

जागेचं प्रकरण मात्र रजिस्टरात बसेना. एजंट लोकांना अकरा महिन्यांचा करार तोंडपाठ असतो. दोन महिने म्हटलं की ते माणसाकडे संशयाने बघतात. “काका, दोन महिन्यांसाठी लोक हॉटेलात राहतात,” एकाने सांगितलं. “हॉटेलात पाहुणे राहतात,” भाऊजी म्हणाले. “मग नातेवाइकांकडे राहा.” “तिथेही पाहुणेच राहतात.” एजंटने फोन ठेवला. शेवटी माझ्या ऑफिसातला एक सहकारी उपयोगी पडला. त्याची गिरगावात चाळीतली खोली होती. चाळ जुनी, पण रहिवाशांनी सोसायटी करून घेतलेली. हा स्वतः बदलापूरला मोठ्या जागेत गेलेला, खोलीला कुलूप. तो म्हणाला, “ओळखीत कागद कशाला? राहा दोन महिने.” भाऊजी ऐकेनात. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ त्यांनी त्याला फोनवर वाचून दाखवलं : करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा. मग अंगठे, फोटो, मुद्रांक, पोलीस ठाण्यात कळवणं, सगळं यथासांग झालं. करारावर ‘राहणार गिरगाव, मुंबई’ असं छापून आलं तेव्हा भाऊजींनी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. एक कायम खिशात. त्यांचा मुंबईकर असण्याचा पुरावा बासष्ट रुपयांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होता. माझ्याकडे तर तोही नाही, मी डोंबिवलीकर.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. “यांना मुंबईकर व्हायचं तर होऊ दे. मी पाहुणी म्हणूनच येऊन राहिली.” या वाक्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

अमरावती एक्सप्रेसने दोघं आले. मी कौतुकाने पहाटे दादरला न्यायला गेलो. फोन केला, “भाऊजी, उतरलात की तीन नंबरवर या, मी तिथेच आहे.”

“कोणत्या रेल्वेच्या?”

“मध्य.”

“मध्य रेल्वेले दादरात तीन नंबर राहिलाच कुठे? ९ डिसेंबर २०२३ पासून एक ते सात पश्चिमेचे, आठ ते चौदा मध्यचे. तुम्ही आहा तिथेच थांबा, आम्ही येतो.” आणि दोन बॅगा, एक पोह्यांचं पोतडं आणि ताई घेऊन ते मला न्यायला आले.

गिरगावात पहिल्याच पहाटे घोटाळा झाला. भाऊजींना मुंबईचं पाणी पाठ. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, दोन्ही वैतरणा. गिरगावाला मलबार हिलच्या जलाशयातून येतं आणि त्याच जलाशयाच्या डोक्यावर हँगिंग गार्डन आहे, हेही पाठ. हे सगळं ते गॅलरीत उभं राहून ताईंना सांगत होते. शेजारच्या काकू हंडा कडेवर घेऊन थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, वैतरणेचं असू द्या नाहीतर गंगेचं. नळाला वीस मिनिटं येतं. त्यातली बारा तुमच्या बोलण्यात गेली.” त्या दिवशी ताईंनी त्या काकूंकडून दोन बादल्या उसन्या घेतल्या, आणि त्या बादल्यांबरोबर काय काय चाळीत आलं-गेलं याचा हिशेब रजिस्टरात नाही.

पण खरी अडचण दुसरीच होती. वेळापत्रकात सकाळी आठ ते संध्याकाळी सात एक प्रचंड भगदाड होतं. मुंबईकर या वेळात ऑफिसला असतो, आणि भाऊजींना ऑफिस नव्हतं. दुसरा कोणी असता तर समुद्रावर जाऊन बसला असता. भाऊजींनी यावर काढलेला तोडगा मी अजून ऑफिसात सांगतो आणि कोणाला खरा वाटत नाही. ते सकाळी साडेसहाला सीएसएमटीला रिकाम्या गाडीत बसायचे, डोंबिवलीला यायचे, आणि तिथून माझ्याबरोबर भरल्या गाडीने लटकत परत सीएसएमटीला जायचे. मी ऑफिसला. ते घरी, दमून.

मेट्रोला ते तयार नव्हते. “आरे ते कफ परेड, सत्तावीस स्टेशनं, गिरगावचं आपलं स्टेशन आहे, सगळं खरं. पण घामच येत नाही हो त्याच्यात.”

आमच्या गाडीतल्या ग्रूपने पहिल्या दिवशी त्यांना जागा करून दिली, म्हणजे श्वास घेण्यापुरती. सीटवरचे पत्ते खेळत होते, उभे होते ते उभ्याने झोपत होते. भाऊजींनी सुरुवात केली : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, साहिब, सिंध, सुलतान नावाची तीन इंजिनं. कोणी डोळा उघडला नाही. “चौदा डबे,” भाऊजी म्हणाले, “आणि पाहुणे चारशे.”

चौथ्या सीटवर अर्धा बसलेल्या एकाने मान वर केली. मनातल्या मनात भागाकार करून तो म्हणाला, “म्हणजे डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस माणसं?”

साऱ्या डब्यातून एक सुस्कारा निघाला. पत्ते थांबले. मुंब्र्यापासून घाटकोपरपर्यंत त्या अठ्ठावीस माणसांचाच विषय : ती कशी बसली असतील, खिडक्या किती असतील, पाय कसे लांब केले असतील. दीडशे वर्षांत आमच्या मार्गावरच्या प्रवाशांना इतकी असूया कोणाची वाटली नसेल. त्या दिवसापासून ‘मास्तर आले का?’ अशी चौकशी होऊ लागली. त्यांच्याकडे एक तक्ता होता, कुठल्या स्टेशनात फलाट कुठल्या हाताला येतो याचा. दारातली नवी मुलं त्यांना विचारून बाजू घ्यायला लागली. मला तीस वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही.

रविवारी भाऊजी माझी शाळा घ्यायचे. फोर्टात नोकरी, आणि १८०४ साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या मी फक्त पावसात आडोसा म्हणून चढलो होतो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मी राणीच्या बागेचं तिकीटघर समजत होतो. हे मी कबूल केलं तेव्हा भाऊजी रागावले नाहीत, उलट त्यांनी खिशातून पेन काढून कुठेतरी नोंद केली. मला वाटतं, ‘खरा मुंबईकर काही पाहत नाही’ अशी काहीशी असावी. कारण नंतर तेही काही बघेनासे झाले. ताईंनी गेटवेचं नाव काढलं की म्हणायचे, “ते बाहेरगावच्यांचं काम. मुंबईकर घरी पाहुणे आले तरच गेटवेले जातो.”

“मग मी कोण आहो?” ताई म्हणाल्या. “मी अकोल्यालाच सांगितलं होतं. पाहुणी.”

रजिस्टरात याला उत्तर नव्हतं. भाऊजी गेटवेला गेले, एलिफंटाच्या लाँचमध्ये बसले, राणीच्या बागेत पेंग्विनसमोर उभे राहिले, आणि खऱ्या मुंबईकरासारखे प्रत्येक ठिकाणी घड्याळ बघत राहिले. ताईंनी मात्र मनसोक्त मान वर करून इमारती पाहिल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीत माझ्याशेजारी चेंगरलेले भाऊजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “गर्दी फार वाढली हो साडूभाऊ. पूर्वी एवढी नव्हती.”

“पूर्वी म्हणजे?”

“जानेवारीत.”

ग्रूपमधल्या तिघांनी मान डोलावली. त्यातल्या एकालाही हे वाक्य चुकीचं वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला. आवाज जरा निराळा होता. संध्याकाळी सीएसएमटीवर एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना अडवून विचारलं होतं, टिटवाळ्याची गाडी कुठली? दोन महिने ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो शेवटी आला होता. ‘टीएल’ म्हणजे टिटवाळा, गाडी किती वाजताची, कुठल्या फलाटावर, गणपतीला जायला स्टेशनाबाहेर रिक्षा कुठे मिळते, सगळं त्यांना पाठ होतं.

“मग सांगितलंत की नाही?”

“‘इंडिकेटर पाहा’ म्हटलं आणि पुढे निघालो. गाडी सुटून राहिली होती.” थोडा वेळ फोनवर नुसता गॅलरीतला गलका ऐकू आला. “मागे वळून पाहिलं, तं ते तिथेच उभे. माझी गाडी कुठली सुटत होती, साडूभाऊ? मले तं चालतच घरी जायचं होतं.”

मी काही बोललो नाही. आमच्यात बोलत नाहीत.

भाऊजी अकोल्याला जाऊन आता बरेच महिने झाले. ताईंना गिरगावच्या काकूंचे फोन येतात, मसाल्यांची ये-जा चालू आहे, दिवाळीला काकू चार दिवस अकोल्याला राहायला जाणार आहेत. भाऊजींचं रजिस्टर कपाटात आहे. आणि दर शनिवारी रात्री बरोबर साडेनऊला मला फोन येतो. “उद्या माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक आहे. सकाळी अकरानंतर घराबाहेर पडू नका.”

एकदाच मी ऐकलं नाही. त्या रविवारी ठाण्याला एक तास दहा मिनिटं उभा होतो.