सेव्ह करतो, आलोच!

पानं वाढून झालेली असतात, आमटी निवत असते आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "सेव्ह करतो, आलोच!" घरातली अनुभवी माणसं हे ऐकून आमटीचं पातेलं मुकाट्याने पुन्हा गॅसवर चढवतात. कारण जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये मनात आलं की सेव्ह करता येत नाही. त्यासाठी सेव्ह पॉइंट गाठावा लागतो. तो गुहेच्या पार पलीकडच्या टोकाला असतो आणि वाटेत दर दहा पावलांवर कोणीतरी राक्षस आडवा येतो. बरं, राक्षसाला सरळ ठोकून मोकळं व्हावं, तर तेही नाही. आधी तुम्ही मारायचं, मग तो मारणार, मग पुन्हा तुम्ही. कुणी कुणाचा नंबर तोडायचा नाही. इतक्या सभ्यपणे चाललेलं युद्ध आमटीसाठी अर्ध्यावर कसं सोडणार?

हा जो आतल्या खोलीत बसला आहे, तो पोर्टकरी. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला, कंबरेला पट्टा. ऑफिसात त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, पण जीव घरच्या चौघांवर. हे चौघं म्हणजे बायको-मुलं नव्हेत. एक तलवारवाला, एक जादूगार, एक औषधपाणी बघणारी आणि एक बोलणारं जनावर. या चौघांच्या अंगावर काय आहे, हातात काय आहे, कोणाला काय सोसत नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. मुलगी कितवीत आहे ते मात्र बोटांवर मोजून सांगेल.

त्याने हे गेम पीसीवरच का खेळावेत, यालाही इतिहास आहे. हे गेम वाढले जपानी टीव्हीसमोर. १९८६ साली एनिक्स कंपनीने निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला, पुढच्याच वर्षी स्क्वेअरने 'फायनल फँटसी' आणला, मग प्लेस्टेशनचं युग आलं. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात मात्र प्लेस्टेशनला दारातच अडवलेलं होतं. फक्त खेळायचं यंत्र, तेही इतक्या हजारांचं? वडिलांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं की विषय संपे. कॉम्प्युटर मात्र 'अभ्यासासाठी' होता. त्याला सोसायटीचं कर्ज मिळे, हळदीकुंकू मिळे, धूळ बसू नये म्हणून आई त्याला कव्हर शिवी. या अभ्यासाच्या यंत्रावर जे चालेल तेच आपलं, हे पोर्टकऱ्याने तेव्हाच ओळखलं. प्लेस्टेशनच्या मापाने बेतलेला गेम मागाहून पीसीला बसवून देतात, त्याला पोर्ट म्हणतात. थोरल्याची पँट धाकट्याला आल्टर करून द्यावी तसा हा मामला. कमरेत बसते, पण गुडघ्याचं ठिगळ धाकट्याच्या पोटरीवर येतं.

त्याच्या आयुष्यात आलेलं पहिलं ठिगळ म्हणजे 'फायनल फँटसी ७'. प्लेस्टेशनवर तो १९९७ साली आला, पीसीवर १९९८ साली. नोबुओ उएमात्सु यांचं संगीत पीसीवर मिडीच्या पोशाखात आलं, त्यामुळे खलनायकाचा दरारा किती वाटावा हे ज्याच्या-त्याच्या साउंड कार्डावर अवलंबून राहिलं. मात्र पीसीवाल्यांना एक गोष्ट जास्तीची मिळाली. प्लेस्टेशनवर हिंडता-फिरताना पात्रांच्या चेहऱ्याला तोंडच नव्हतं. पीसीवर ते काढून दिलं. "आमच्याकडे क्लाउडला तोंड आहे," हे नायकाबद्दलचं वाक्य पोर्टकरी आजही घराण्याचा मोठेपणा सांगावा अशा आवाजात सांगतो. कॉलेजात मित्राच्या मित्राकडून त्याला या गेमच्या चार सीड्या मिळाल्या होत्या. त्यातली शेवटची वाचली जात नव्हती, आणि गोष्टीचा शेवट नेमका तिच्यावर होता. पुढे २०१३ साली तो गेम स्टीम या ऑनलाइन दुकानावर आला, तेव्हा याने रीतसर पैसे मोजून घेतला. आता सीडी नाही, ओरखडे नाहीत, शेवट हाताशी आहे. तरी गडी तिथवर पोचलेला नाही. दरम्यान कंपनीने हीच गोष्ट नव्याने, तीन वेगळ्या गेममध्ये सांगायला घेतली. 'रीमेक' पीसीवर डिसेंबर २०२१ मध्ये आला, 'रीबर्थ' जानेवारी २०२५ मध्ये. याने दोन्ही घेऊन ठेवले. ज्याच्याने एक शेवट गाठवत नाही, त्याच्यासमोर आता रांग लागली आहे.

खरेदी सेलमध्येच होते. सेल लागला की विशलिस्ट उघडायची, सत्तर टक्के सूट पाहून 'वाचलेल्या' पैशांचा हिशेब करायचा आणि त्या पैशांत आणखी एक गेम घ्यायचा. नाही आवडला तर परत करायची सोय आहेच, असं तो बायकोला सांगतो. सोय आहे हे खरं. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम सहसा परत घेतात. पण दोन तासांत जपानी गेम घसासुद्धा खाकरत नाही. 'पर्सोना ४ गोल्डन' घ्या. गेम २०१२ चा, पीसीवर आला जून २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनच्या दिवसांत. यात नायक आगगाडीने खेड्यात येतो, मामाकडे उतरतो, मामेबहिणीशी ओळख होते, शाळेत नाव घातलं जातं, धुकं पडतं, पाऊस पडतो, सगळे एकमेकांशी बोलतात. लढाईला रंग चढेस्तोवर परतीची मुदत टळून गेलेली असते. त्या दिवसांत घरात कोंडलेला पोर्टकरी खिडकीशी उसासे टाकत नव्हता. तो रोज जपानी शाळेत जात होता आणि संध्याकाळी मामाच्या घरी जेवत होता.

पण पोर्टकऱ्याला खेळताना पाहायचं म्हणून गेलात तर निराशा होईल. त्याचं खरं रूप गेम घेतल्याच्या रात्री दिसतं. साडेदहाला गेम उतरतो. पडद्यावर सूचना येते, "पुढे जाण्यासाठी 'ए' दाबा." हा कीबोर्डवरचं ए दाबतो. नायक पुढे न जाता डावीकडे सरकतो. सूचना म्हणजे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवरचं ए म्हणत होती. सामान्य माणूस इथे वैतागेल. पोर्टकऱ्याचे डोळे चमकतात. तो बाह्या सरसावून गेम बंद करतो, गेमच्या फोल्डरात शिरतो, एक आयएनआय फाईल नोटपॅडमध्ये उघडतो, त्यातला शून्य काढून एक करतो, गेम पुन्हा सुरू करतो. आता चित्र उलटं दिसतं. "अच्छा!" म्हणून तो पुन्हा गेम बंद करतो. एक वाजेपर्यंत नायक पहिल्या गावाच्या वेशीवर उभा असतो आणि हा त्याच्याभोवती कॅमेरा फिरवून केसांच्या कडा कुठे दातेरी दिसतात का ते पाहतो. शेवटी "एकदम मक्खन चालतोय!" असं जाहीर करून कॉम्प्युटर बंद करतो आणि तृप्त मनाने झोपतो.

पोर्टकऱ्यांच्या या पंथाचं आराध्यदैवत ड्युरांटे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'डार्क सोल्स' पीसीवर आला. लोकांनी सह्या गोळा करून तो मागून घेतला होता. आला तो असा की पडदा केवढाही घ्या, आतलं चित्र १०२४ बाय ७२० एवढंच रंगवलं जाई. ड्युरांटे या टोपणनावाने वावरणाऱ्या पीटर थोमान यांनी गेम आला त्या दिवशीच काही तासांत 'डीएसफिक्स' नावाचा तोडगा काढून फुकट वाटला. दोन वर्षांनी 'फायनल फँटसी १३' आला, तोही ७२० वर अडकलेला. पुन्हा तेच धावून आले. पुढे त्यांच्याच पीएचथ्री कंपनीकडे निहोन फाल्कॉमच्या 'ट्रेल्स' मालिकेतल्या गेमचे पोर्ट करायचं अधिकृत काम आलं. पोर्टकऱ्याच्या देव्हाऱ्यात त्यांची तसबीर तेवढी लागायची आहे. कंपन्यांवर मात्र त्याचा विश्वास नाही. 'नियर ऑटोमाटा' मार्च २०१७ मध्ये पीसीवर आला आणि स्टीमवर त्याचा दुरुस्तीचा मोठा पॅच निघाला जुलै २०२१ मध्ये. दरम्यानची चार वर्षं लोकांनी काल्डेयन नावाच्या मॉडकाराच्या 'फार' या मॉडवर, म्हणजे हौशी दुरुस्तीवर, काढली. पॅच आला तेव्हा पोर्टकरी खूश होईल असं वाटलं होतं. तो दुखावला. "आता काय उपयोग? आपलं आपण निस्तरलं होतं ना आम्ही!"

चुकूनमाकून खेळायला बसलाच, तर तिथेही त्याचं चित्त गोष्टीत नसतं, साठवणीत असतं. मेगालिक्झिर हे या जगातलं अमृत. एक बाटली फोडली की अख्खी टोळी ठणठणीत. पोर्टकऱ्याकडे अशा बाटल्यांचा ढीग आहे आणि एकीचंही बूच निघालेलं नाही. 'पुढे कठीण प्रसंग आला तर लागेल.' टोळीतले तिघे आडवे झाले, चौथा लंगडतो आहे, तरी तो प्रसंग पुरेसा कठीण ठरत नाही. हा गुण त्याने आईकडून घेतला. तिच्या कपाटात लग्नात आलेल्या चादरी अजून 'चांगल्या पाहुण्यां'ची वाट पाहत आहेत.

गेमच्या सवयी बाहेरही येतात. गावातल्या प्रत्येकाशी दोनदा बोलावं, दुसऱ्यांदा तो काहीतरी नवं सांगतो, हा या गेमचा अलिखित नियम. लग्नाच्या हॉलमध्ये पोर्टकरी एकाच काकांना दोनदा "कसे आहात?" विचारतो. काका दुसऱ्यांदाही गुडघ्यांबद्दलच सांगतात. धबधब्यामागे खजिन्याची पेटी असते, हा दुसरा नियम. पावसाळ्यात सगळे भाज्याच्या धबधब्याला गेले, तेव्हा बाकीचे मक्याची कणसं खात होते आणि हा धारेच्या मागे शिरून खडक चाचपत होता. निघालं काय, तर कुणाची तरी एका पायाची चप्पल. ती याने बाहेर आणून ठेवली. टाकवेना.

त्याची घाई आणि त्याचा निवांतपणा यांचा मेळ कुणालाच लागलेला नाही. 'फायनल फँटसी ७' मध्ये आकाशात उल्का लटकलेली आहे, ती पडली की पृथ्वीचा कारभार आटोपला. आणि हा काय करतो? चोकोबो नावाच्या पिवळ्या पक्ष्यांची पैदास. पिढ्यानपिढ्या जोड्या जुळवल्या की सोनेरी चोकोबो जन्मतो, त्याच्यावर बसून समुद्रातल्या एका बेटावर गेलं की सगळ्यांत जबर जादू मिळते. उल्का बिचारी थांबते. 'फायनल फँटसी १०' मध्ये विजांच्या माळावर लागोपाठ दोनशे विजा चुकवल्या तर एका शस्त्राचं सामान मिळतं. एक अंगावर पडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे याने आनंदाने केलं. घरचं विजेचं बिल भरायचं मात्र बायकोला दर महिन्याला तीनदा सांगावं लागतं.

तीच बायको शेजारी मेथी निवडत बसते. पडद्यावर अक्षरं उमटतात, ती वाचते. 'फायनल फँटसी ७' ची इथवरची गोष्ट तिला पाठ आहे. त्यातली एरिथ मेली तेव्हा पोर्टकरी कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघत होता, डोळे तिने पुसले. "त्या क्लाउडच्या आठवणी खऱ्या नव्हत्याच म्हणे," असं ती सासूबाईंना स्वयंपाकघरात सांगते आणि सासूबाई पोळी लाटता लाटता हळहळतात, "आई नसलेलं पोर!"

अलीकडे एक नवंच संकट आलं आहे. पोर्ट धड येऊ लागले. 'पर्सोना ५ रॉयल' ऑक्टोबर २०२२ मध्ये पीसीवर आला तो धडधाकट. याने उतरवला, सुरू केला, चालला. याने सेटिंग्ज उघडल्या, सगळं जागच्या जागी. फोल्डरात शिरला, बदलण्याजोगं काही सापडेना. "काहीतरी गडबड आहे," असं पुटपुटत बिचारा अर्धा तास बसला. खेळण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. त्या गेममध्ये मॉर्गाना नावाचं मांजर आहे. रात्र झाली की ते नायकाला सांगतं, दमलायस, झोप आता. पोर्टकरी निमूटपणे नायकाला झोपवतो. हेच वाक्य दाराशी उभी राहून बायको म्हणते, तेव्हा त्याला ऐकू येत नाही.

आणि मग तो रविवार. पोर्टकरी जुनं ग्राफिक्स कार्ड विकायला बाहेर गेला होता. बायकोला क्लाउडच्या गोष्टीचा शेवट पाहायचा होता, किती वर्षं पाहायचा होता. तिने कंट्रोलर घेतला, टोळी उचलली आणि चोकोबोंकडे ढुंकूनही न बघता तडक शेवटच्या शत्रूवर, सेफिरॉथवर चालून गेली. जरा खरचटलं की मेगालिक्झिर. कोणी धापा टाकू लागला की मेगालिक्झिर. संध्याकाळपर्यंत सेफिरॉथ संपला, शेवट झाला, पांढरी अक्षरं सरकली.

पोर्टकरी घरी आला. ऐकून मट्कन खाली बसला.

"मेगालिक्झिर वापरलीस?"

"मग काय, त्याचं लोणचं घालायचं होतं?"

त्याने थरथरत्या हाताने सेव्ह फाईल उघडली. आणि त्याचा चेहरा फुलला. हा गेम शेवट झाल्यावर सेव्हच करू देत नाही! बाटल्या सगळ्या भरलेल्या. सेफिरॉथ हयात. उल्का आकाशात आपल्या जागी. जगबुडी जिथल्या तिथे.

"शेवटी काय होतं माहितेय?" बायको उत्साहाने सांगू लागली, "तो क्लाउड ना..."

"ए, सांगू नकोस हं!" पोर्टकरी कानांवर हात ठेवत ओरडला, "मी आत्ता कुठे सुरुवात केलीय!"