कॉकफॉस्टर्सची गाडी

हीथ्रो विमानतळावर पासपोर्ट दाखवून झाला, पट्ट्यावर गोल गोल फिरणाऱ्या पेट्यांमधून आपली पेटी ओळखून झाली, ती ओढत लांबच लांब मार्गिका पार झाल्या आणि माणूस एकदाचा भुयारी रेल्वेच्या डब्यात टेकला, की लंडन त्याच्याशी पहिल्यांदा बोलतं. बोलतं काय, तर ही पिकाडिली लाइनची गाडी कॉकफॉस्टर्सला जाणार आहे. राजवाड्याचा उल्लेख नाही, थेम्सचा नाही, त्या प्रसिद्ध घड्याळाचाही नाही. एक शांत, नीटनेटका बाईचा आवाज पुन्हा पुन्हा हेच सांगत राहतो, आणि डब्यात पेट्या गुडघ्यांत धरून बसलेल्या, झोपेनं डोळे चुरचुरणाऱ्या जगभरच्या माणसांपैकी कुणालाही कॉकफॉस्टर्सला जायचं नसतं. मला ते आपल्या गोत्रासारखं वाटतं. संकल्प सोडताना आपण त्या ऋषीचं नाव मोठ्यानं घेतो, त्याच्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही, पण त्या ऋषीला भेटायला जावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

माझा भाचा तिथे नोकरी करतो. त्याला माझं या गाडीनं येणं अजिबात पसंत नाही. ‘आत्या, एक्स्प्रेस घे, पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन. नाहीतर सरळ एलिझाबेथनं ये,’ असं तो दर वेळी बजावतो, आणि २०२२मध्ये सुरू झालेल्या त्या जांभळ्या रंगाच्या रेल्वेबद्दल तो अशा आपुलकीनं बोलतो की जणू राणी स्वतः विमानतळावर चार चाकं घेऊन उभी राहणार आहे. पण मला पंधरा मिनिटांत शहरात शिरायची घाई नसते. नऊ-दहा तास ढगांवर बसून आलेलं शरीर एकदम शहराच्या मध्यावर नेऊन टाकणं मला जरा उद्धटपणाचं वाटतं. पिकाडिली लाइन विमानतळाच्या खाली पोचली १९७७ साली. ती येणार म्हणून तिच्यासाठी जे डबे बांधले, त्यांत दारापाशी पेट्या ठेवायला मुद्दाम ऐसपैस जागा ठेवली. या गाडीला वातानुकूलन नाही, वेगाचा अभिमान नाही, आणि लहानात लहान स्थानकालाही ती मान देते. हंस्लो, ऑस्टरली, बोस्टन मॅनर अशी नावं घेत ती बराच वेळ उघड्यावरूनच धावते, आणि लंडन आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते पाठमोरं. घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, गंजलेली सायकल, कुणीतरी हौसेनं लावलेला आणि मग विसरलेला वेल. पाहुण्याला दिवाणखान्यात नेण्याआधी परसदारातून आणावं, तसं हे शहर आपल्याला घरात घेतं.

त्या विमानतळाला तरी कुठला एवढा थाट होता म्हणा. जिथे आज विमानं उतरतात तिथे हीथ रो नावाचं खेडं होतं, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाडलं गेलं. १९४६ साली प्रवाशांसाठी विमानतळ सुरू झाला तेव्हा इमारत नव्हतीच, लष्कराचे जुने तंबू होते. तंबूत फुलाफुलांच्या कापडाच्या आरामखुर्च्या होत्या, फुलदाण्यांत ताजी फुलं होती, टेलिफोनच्या पेट्याही होत्या. पावसाळी दिवशी तंबूबाहेर फळ्यांवरून चिखल चुकवत विमानाकडे निघालेली ती टोपीवाली मंडळी माझ्या डोळ्यांपुढे येतात, आणि आताची ती काचेची, सुगंधी अत्तरांच्या दुकानांची दालनं मला एकदम पोरकट वाटू लागतात.

कॉकफॉस्टर्स हे त्या गाडीचं शेवटचं स्थानक, आणि शेवटच्या स्थानकांचं माझं वेड जुनं आहे. मे महिन्यात आम्ही पुण्याहून दादरला मामाकडे जायचो. कर्जत आमच्या ओळखीचं होतं, घाटात इंजीन लागायचं आणि खिडकीतून वडे आत यायचे. पण दादरच्या फलाटावर दिव्यांत उमटणारं ‘कसारा’ हे नाव मात्र गूढ होतं. गाडी यायची, माणसं तिच्यावर तुटून पडायची, आणि ती कसाऱ्याला म्हणून निघून जायची. ‘कसाऱ्याला काय आहे?’ असं मी मामाला विचारलं, तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता एका शब्दात सांगितलं, ‘घाट.’ माझं समाधान झालं नाही. दिवसभर माणसं वाहून दमलेल्या लोकलगाड्या तिथे रात्री पाय पसरून एकमेकींशी बोलत असतील, अशी माझी खात्री होती, आणि ती पुढे भूगोलाच्या पुस्तकानंही मोडली नाही.

लंडनमधल्या अशा दूरच्या नावांना कागदावर सुखानं नांदवलं ते हॅरी बेक नावाच्या एका आरेखकानं. सिग्नलच्या कचेरीत विजेच्या जोडण्यांची रेखाचित्रं काढणारा हा माणूस. १९३१ साली फावल्या वेळात त्यानं भुयारी रेल्वेचा नकाशा तशाच पद्धतीनं काढला. रेषा आडव्या, उभ्या, नाहीतर पंचेचाळीस अंशांत कललेल्या. स्थानकं सारख्या अंतरावर. खऱ्या अंतराची पर्वा नाही. साहेबांना तो आधी भलताच क्रांतिकारक वाटला, पण १९३३मध्ये तो छापून लोकांच्या हाती गेला आणि लोकांनी तो मुकाट्यानं खरा मानला. त्या नकाशावर लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन यांच्यातलं अंतर इतर कुठल्याही दोन स्थानकांइतकंच. प्रत्यक्षात ते तीनशे मीटरसुद्धा नाही. लोक जिना उतरतात, गाडीची वाट पाहतात, बसतात, उठतात, पुन्हा वर येतात, आणि तेवढ्या वेळात रस्त्यानं चालत गेलेला माणूस दुकानात शिरून छत्रीची किंमत विचारून झालेला असतो. मला हा नकाशा फार आवडतो. दूरच्या माणसाला दूर असल्याची जाणीव न होऊ देणं हा त्याचा स्वभाव आहे.

बॅरन्स कोर्टनंतर गाडी जमिनीखाली शिरते आणि खिडक्यांत आपलेच चेहरे दिसायला लागतात. मग पाहण्यासारखी उरतात ती समोरची माणसं, आणि त्यांच्याकडे पाहायचं नसतं. हा तिथला अलिखित आणि अत्यंत कडक नियम. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी जागा ‘जरा सरकता का’ एवढ्या तीन शब्दांत तयार होते आणि ठाणे येईपर्यंत सरकणाऱ्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय तेही कळतं. इथे माणसं एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकांच्या डोक्याच्या किंचित वर पाहत, व्हिटॅमिनच्या गोळ्यांची जाहिरात अशा एकाग्रतेनं वाचतात की ती पाठ होत असावी. बोलायचं ते फक्त गाडीनं. ती बिचारी कॉकफॉस्टर्स, कॉकफॉस्टर्स म्हणत राहते.

आणि तरी या रेषेच्या पोटात केवढं काय काय आहे. हाइड पार्क कॉर्नर आणि ग्रीन पार्क यांच्यामध्ये डाउन स्ट्रीट नावाचं स्थानक होतं, ते १९३२मध्ये प्रवासी मिळेनात म्हणून बंद झालं; पुढे बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत तिथे चर्चिल यांनी रात्री काढल्या. न थांबता गाडी तिथून जाते, तेव्हा अंधारात विटांची एक ओळ क्षणभर उजळते. होबर्नला उतरलं की ब्रिटिश म्युझियम जवळ. तिथल्या गोल वाचनालयात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॉ. आंबेडकर वाचत बसत. पुढचं रसेल स्क्वेअर. तिथल्या पौर्वात्य भाषांच्या संस्थेत इयन रेसाइड हे इंग्रज गृहस्थ अनेक वर्षं मराठी शिकवत. त्या फलाटावर मी नेहमी कान टवकारते. न जाणो, एखादा जुना विद्यार्थी ‘अहो, तुमचं काही पडलं’ म्हणायचा.

एका मोकळ्या दिवशी मी ठरवलं की कॉकफॉस्टर्सला जायचं. भाच्यानं विचारलं, ‘तिथे काय आहे?’ आणि मला वर्तमानपत्राआडचा मामा आठवला. ऐन गर्दीत निघालेली ती गाडी फिन्सबरी पार्कनंतर हळूहळू विरळ होत गेली. आर्नोस ग्रोव्हच्या आधी ती पुन्हा उजेडात आली. काही गाड्या तिथूनच मागे फिरतात, म्हणजे गाड्यांमध्येही ज्यांना शेवट पाहवत नाही अशा असतात. साउथगेट, ओकवुड, मग डेपोत विसावलेल्या गाड्यांच्या रांगा. हो, त्या इथे होत्या. एकमेकींशी बोलत होत्या की नाही ते काचेतून कळलं नाही.

कॉकफॉस्टर्सचं स्थानक १९३३चं, चार्ल्स होल्डन या वास्तुरचनाकाराचं. तो आणि रेल्वेचा अधिकारी फ्रँक पिक १९३०मध्ये जर्मनी, हॉलंड, स्कॅन्डिनेव्हिया पाहून आले होते, आणि परतल्यावर त्यांनी भाताच्या शेतांत देवळं उगवावीत तशी या उपनगरांत स्थानकं उभारली. रस्त्यावरून हे अगदी ठेंगणं, लाजरं दिसतं. आत मात्र काँक्रीटच्या चौकटींवर तोललेलं उंच छप्पर आणि काचांमधून येणारा सौम्य, दुधी उजेड. फलाटावर एक आजी भाजीची चाकांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर गाडीचं ठिकाण लिहिलं होतं: हीथ्रो. त्यांना अर्थातच साउथगेटच्या बाजारात जायचं असणार. रोज विमानतळाच्या गाडीत बसायचं आणि कोबी घेऊन परत यायचं! जगातल्या सगळ्या देशांकडे जाणारं दार त्यांच्या गाडीच्या कपाळावर लिहिलेलं असतं आणि त्या त्याकडे पाहतसुद्धा नाहीत.

स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की ट्रेंट पार्क लागतं. झाडांची लांब रांग, तळं, उतारावरचं गवत, आणि मधोमध एक देखणा विटांचा वाडा. युद्धात पकडलेल्या जर्मन जनरलांना इथे ठेवलं होतं. कोठडीत नव्हे, पाहुण्यांसारखं. त्यांची बडदास्त ठेवायला एक लॉर्ड ॲबरफेल्डी होते. त्यांच्यासाठी लंडनच्या दुकानांतून हवं-नको ते आणायचे. हे लॉर्ड लॉर्ड नव्हते, गुप्तहेर खात्याचे अधिकारी होते, आणि त्या वाड्यात शेकोटीपासून कुंड्यांपर्यंत सगळीकडे मायक्रोफोन लपवले होते. तळघरात कानाला यंत्रं लावून बसलेले होते ते हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेले तरुण, बहुतेक ज्यू. वर जनरल मंडळी बिलियर्ड खेळता खेळता एकमेकांशी फुशारक्या मारत, भांडत, कुरकुरत. मार्च १९४३मध्ये अशाच एका गप्पेत क्रूव्हेल आणि फॉन टोमा यांच्या तोंडून अग्निबाणांची गोष्ट निघाली; ऑगस्टमध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेमुंडे केंद्रावर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले. डब्यात शेजाऱ्याशी चकार शब्द न काढणाऱ्या या लोकांनी दुसऱ्यांना बोलतं ठेवून एवढं साधलं, हे कळल्यावर त्यांच्या मौनाकडे मी जरा संशयानं पाहू लागले आहे.

पण मी त्या वाड्यासमोर बाकावर बसून राहिले ते वेगळ्याच कारणानं. युद्धाआधी तो वाडा होता सर फिलिप ससून यांचा. चर्चिल, चार्ली चॅप्लिन अशी माणसं तिथे पाहुणचाराला असत. ससून विमानांचे शौकीन, हवाई खात्याचे उपमंत्री, स्वतःचं विमान बाळगणारे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पिकाडिलीवरचं डेव्हनशर हाउस पाडलं गेलं, आताच्या ग्रीन पार्क स्थानकापाशी. तेव्हा तिथल्या विटा आणि दगड आणून त्यांनी हा वाडा नव्यानं सजवला. म्हणजे पिकाडिलीच्या विटा कॉकफॉस्टर्सला आधी पोचल्या आणि त्यांच्या नावाची रेल्वे मागाहून आली! आणि हे ससून म्हणजे बगदादहून मुंबईत येऊन कापूस आणि अफूच्या व्यापारात गडगंज झालेल्या डेव्हिड ससूनचे पणतू. आजोबांनी मुंबईला ससून डॉक दिला आणि काळा घोडाही. पणजोबांच्या देणगीतून पुण्यात रुग्णालय उभं राहिलं. मुंबईत या नावाला बोंबलांचा वास, पुण्यात औषधांचा, आणि इथे ओल्या गवताचा.

संध्याकाळी भाच्याला हे सगळं सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. ‘ससून? म्हणजे आपलं ससून? मी जिथे जन्मलो ते?’ म्हटलं, तेच. तो बराच वेळ फोनवर नकाशा मागेपुढे सरकवत राहिला. मग म्हणाला, ‘पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा येतील ना, त्यांना नक्की नेतो तिथे.’ मी म्हटलं, ने बाबा, पण त्याआधी फोन करून विचार, पुण्याच्या कॅम्पातलं ते ज्यूंचं लाल देऊळ पाहिलंय का कधी आतून. डेव्हिड ससूनची कबर तिथेच आहे. दादा तीस वर्षं त्याच रस्त्यानं बँकेत जात होता.