‘हलत का नाही?’ असे विचारणाऱ्या साहेबांस खुले पत्र

प्रति,
श्री. ‘तिकीट काढलंय’ यांस,
मुक्काम: नाताळात कात्रज, एकतीस डिसेंबरला जंगल, जमलंच तर परतल्यावर भिगवण.

सा. न. वि. वि.

आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. वरचं नाव आपण स्वतःच भर गर्दीत मोठ्यांदा जाहीर केलंत, म्हणून तेच वापरते आहे. रागावू नये. नाताळची सुट्टी लागली की आपण उगवता आणि शाळा सुरू होईपर्यंत महाराष्ट्रातला एकही प्राणी आपल्या नजरेतून सुटत नाही. खरं म्हणजे नजरेतून सुटतो, नेमातून सुटत नाही.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाबद्दल आपल्याला आस्था आहे हे मी जाणते. पूर्वी हे प्राणी सारसबागेशेजारी पेशवे पार्कात होते, १९५३ पासून. तिथे गजांचे पिंजरे होते आणि गजांतून हात घालून शेंगदाणे देता येत. फुलराणीच्या छोट्या आगगाडीत बसायचं, वाघाच्या वासाला नाक मुरडायचं आणि माकडाला केळं देऊन घरी यायचं, असा पुणेकरांच्या दोन पिढ्यांचा रिवाज होता. पुढे प्राणी कात्रजला गेले. पिंजऱ्यांच्या जागी मोकळी आवारं आली, मध्ये खंदक आले, कठडे आले. प्राण्यांना जरा लांब राहता यावं, एवढाच त्यामागचा विचार. संग्रहालयाने अंतर वाढवलं, आपण नेम सुधारलात.

तो नेम मी पाहिला आहे. दुपारी बाराचा सुमार होता. सहलीच्या बसमधून उतरलेली पोरं जोड्याजोड्यांनी हात धरून चालली होती, बाई शिट्टी फुंकून दमल्या होत्या. आपण मगरीच्या कठड्यावर ओणवे झाला होता. शेजारी माकडटोपी घातलेले आपले चिरंजीव. खाली मगर उन्हात पसरलेली, जबडा अर्धा उघडा. आपण आधी टाळ्या वाजवल्यात, मग शुक् शुक् केलंत, मग ‘ए मगर!’ अशी एकेरीत हाक मारलीत. तिने दाद दिली नाही. ‘सिमेंटची आहे रे,’ असा निर्वाळा देऊन आपण वाफ्याच्या कडेचा खडा उचललात आणि तिच्या पाठीवर मारलात. सुरक्षारक्षक धावत आला. त्याला आपण म्हणालात, ‘अहो, तिकीट काढलंय. हलायला नको का तिने?’

चिरंजीव तेवढ्यात म्हणत होते, ‘बाबा, तिने डोळा मिटला. आडवा मिटला!’ पोरगं खरं बोलत होतं. मगरीला वरखाली मिटणाऱ्या पापण्यांखेरीज आणखी एक पातळ, आरपार दिसणारी पापणी असते. ती डोळ्यावरून आडवी सरकते. तेवढी एकच हालचाल त्या दुपारी झाली आणि ती बघायला पैसे पडत नव्हते. पण आपण मोबाइलच्या पडद्यातून पाहत होता आणि पडद्यावर मगर बोटभर दिसत होती.

तरीही आपली तक्रार रास्त आहे. मगर डिसेंबरात हलत नाही. अंग गरम ठेवायची आपल्यासारखी सोय तिच्या शरीरात नाही. रात्रीच्या थंडीत ती गार पडते, सकाळी काठावर येते आणि ऊन अंगात मुरेपर्यंत पडून राहते. या दिवसांत ती खातेही कमी. ऊन खात निपचित पडणं हा तिचा हिवाळ्यातला पूर्णवेळचा उद्योग आहे. डोकं फार तापू नये म्हणून ती जबडा उघडा ठेवते. आपल्याला तो आपल्या खड्यासाठी उघडलेला वाटला, हा प्रामाणिक गैरसमज म्हणता येईल. मगरी दगड गिळतात हेही खरं, पण ते त्या स्वतः निवडून गिळतात. आपल्या निवडीवर त्यांनी अजून विश्वास टाकलेला नाही.

म्हणजे प्राणी जेव्हा सर्वांत कमी हलतात, नेमके तेव्हाच आपण ते हलवायला येता. सापांचंही तेच. सर्पोद्यानात अजगर वेटोळं घालून पडलेला असतो आणि आपण अंगठीच्या बोटाने काच वाजवता. त्याला आपली ‘टकटक’ आपल्यासारखी कानांनी ऐकू येत नाही, तिचा हादरा मात्र अंगाला जाणवतो. दिवसभरात काचेवर अशी किती बोटं वाजत असतील, याचा हिशेब अजगराने ठेवलेला नाही. वाघसिंह तर थंडी असो वा उन्हाळा, दिवसाचा बराच वेळ झोपून काढतात. आपण वाघासमोर उभं राहून डरकाळी फोडून दाखवता, बहुधा त्याला विसर पडला असेल या काळजीने.

आता चितळांकडे वळू, कारण तिथे आपण दानशूर होता. वेफर्सचं पाकीट आपण कठड्यावरून सोडता आणि चितळ ते चाटतं, तेव्हा ‘बघ, आवडलं त्याला’ असं आपण म्हणता. आवडणारच. त्याला मीठ लागलेलं असतं आणि मिठासाठी हरणं जंगलातही माती चाटतात. पण चितळ रवंथ करणारं जनावर. त्याचं चार कप्प्यांचं पोट पाल्यागवतावर चालतं. त्यात पाव, बिस्किटं, मक्याचे दाणे एकदम पडले की आंबवण बिघडतं, पोट फुगतं. आणि पाकीट गेलं तर ते पुढे सरकत नाही. पहिल्या कप्प्यात बसून राहतं, त्याच्यावर दुसरं बसतं. शहरातल्या गाईंच्या पोटातून पशुवैद्य काढतात ते प्लॅस्टिकचे गोळे असेच तयार होतात. चितळ ही तक्रार घेऊन तिकीट खिडकीवर जात नाही. ते एक दिवस चारा सोडतं, एवढंच. मग त्याला काय झालं, हे शोधायचं काम राखणदाराच्या आणि डॉक्टरांच्या गळ्यात. तोवर आपली सुट्टी संपलेली असते.

कायदा हा रुक्ष विषय, पण पत्र खुलं आहे म्हणून लिहून ठेवते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यातलं कलम ‘३८-जे’ प्राणिसंग्रहालयांसाठी आहे. प्राण्याला छेडणं, इजा करणं, खायला घालणं, गोंगाट करून त्याला त्रास देणं, आवारात कचरा टाकणं, सगळं त्यात बसतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपण अर्ध्या तासात या कलमाचे सगळे शब्द प्रात्यक्षिकासह करून दाखवलेत. वकिलीच्या विद्यार्थ्यांनाही इतकं नेटकं जमत नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनांवर मात्र आपण खूश असता. २०१६ मध्ये सोलहून आणलेले हे पक्षी काचेआड, वातानुकूलित गारव्यात राहतात आणि सुळकन पोहतात, म्हणजे पैसे वसूल. तिथे फ्लॅश मारू नये असं सांगावं लागतं, एवढीच खोट.

यापुढचा मजकूर आपल्या बढतीबद्दल आहे.

प्राणिसंग्रहालयात मन रमेनासं झालं की आपण जंगलात जाता. ताडोबा, पेंच, उमरेड. पहाटे कुडकुडत, कानटोपी, मफलर आणि लॉजची चादर पांघरून जिप्सीत बसता. इथेही आपण मुहूर्त अचूक साधता. वाघ सहज दिसावा असं वाटत असेल तर एप्रिल-मे बरा. गवत वाळलेलं, पाणी आटून मोजक्या पाणवठ्यांवर आलेलं, आणि वाघ तिथे येणारच. डिसेंबरात पावसाळ्यातलं गवत अजून उभं असतं, नाल्यांतून पाणी असतं, वाघाला कुठेही भागवता येतं. पण आपल्याला जंगल आठवतं ते डिसेंबरच्या सुट्टीत आणि वाघिणीने आपलं वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्यांशी जुळवून घेतलेलं नाही. परिणामी सकाळची पहिली फेरी कोरडी जाते. समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला ‘सायटिंग झालं का?’ असं विचारून घसा सुकतो. सांबर, रानगवे, घुबड, तुरेवाला सर्पगरुड वाटेत भेटतात, पण त्यांच्यासाठी काही आपण बुकिंग केलेलं नसतं.

इथे खडा मारता येत नाही, म्हणून आपण पाकीट काढता. ‘दादा, आज दाखवाच. तुमचं वेगळं बघतो.’ हे वाक्य म्हणजे जंगलातला आपला खडा, आणि तो वाघाला लागायच्या आधी जिप्सीच्या चालकाला लागतो.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात हा खडा कुठवर जातो ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. गोठणगावच्या बाजूला एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्हीकडून जिप्सी उभ्या राहिल्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये आई आणि पोरं. ती चित्रफीत मोबाइलमोबाइलवर फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंडही झाला. योग्यच झालं. चाक त्यांच्या हातात होतं आणि नियम त्यांना तोंडपाठ होते, त्यांना सूट द्यावी असं मी म्हणणार नाही. पण मागच्या सीटवर उभं राहून ‘अजून थोडी पुढे घ्या ना’ असं म्हणणारा आवाज कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. वाघिणीची पोरं दीड-दोन वर्षं आईच्या मागे हिंडतात. रस्ता कसा ओलांडायचा, माणसापासून किती अंतर ठेवायचं, हे ती त्याच काळात शिकतात. त्या दिवशीचा धडा त्यांना आपण दिलात.

संध्याकाळी आपण रिसॉर्टवर शेकोटीपाशी थर्टीफर्स्ट करता आणि डीजेला गाणं सांगता. गाइड मात्र त्याच जंगलाच्या कडेने स्वतःच्या गावी जातो. सरपणाला गेलेल्या बाया आणि गुराखी वाघाच्या हल्ल्यात सापडल्याच्या बातम्या ताडोब्याच्या चंद्रपूर जिल्ह्यातून तर वरचेवर येतात. माणसाची भीड चेपलेला वाघ गाइडला परवडत नाही. आपल्याला परवडतो, कारण आपला परतीचा रस्ता समृद्धी महामार्गाने आहे.

ताडोब्याने सफारीत मोबाइलला बंदी केली तेव्हा आपण फार हळहळलात. आठवण कशात साठवायची, असा आपला सवाल होता.

राहता राहिलं भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतो. तासन् तास मान खाली. फोटोत ते काही बरं दिसत नाही, पंखांखालचा लाल रंग दिसायला तो उडायला हवा. तेव्हा आपण नावाड्याला म्हणता, ‘जरा जवळ घेऊन उडवा की एकदा.’ नावाडी मासेमार, हंगाम चार महिन्यांचा, पुढचं गिऱ्हाईक काठावर थांबलेलं. तो नाव घालतो. थवा उठतो, आपल्याला फोटो मिळतो, थवा लांब जाऊन बसतो, आणि पुढच्या नावेतला आपलाच कुणी भाऊबंद त्याला पुन्हा उठवतो. रोहितांनी थंडीत खाऊन अंगावर जे काही साठवायचं, ते असं उडण्यात जातं. मांडव्याच्या लाँचवर कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण भिरकावणारेही आपणच ना? वाटलंच होतं.

कठड्यापाशी, जिप्सीत, नावेत, सगळीकडे आपला एकच दावा असतो: पैसे मोजले, आता खेळ दाखवा. प्राण्यांनी कुठल्याही पावतीवर सही केलेली नाही. आपल्या हौसेचं मोल आजवर राखणदाराने, चालकाने, गाइडने आणि नावाड्याने चुकवलं आहे. आपण चुकवलंत ते फक्त प्रवेशशुल्क, तेही लहान मुलाचं वय एक वर्षाने कमी सांगून.

तेव्हा एकच विनंती. कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि राणीची बाग, दोन्ही बुधवारी बंद असतात. पुढच्या नाताळात आपण बुधवारीच यावं. राणीच्या बागेत येणार असाल तर तेवढं कॅलेंडर पाहून निघा. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर ती बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद करतात.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपली,
एक तिकीटधारक